रक्तातली खूण म्हणजे पत्रिका नव्हे

फोंडाघाटच्या एका बौद्धवाडीतील विहारात वैशाख पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही रक्तदाब आणि साखर तपासायला बसलो होतो. आमच्या गटात दोन डॉक्टर, एक निवृत्त परिचारिका आणि या पानासाठी लिहिणारे आम्ही काही जण. मुंबईहून आलेली मंडळी अजून परतली नव्हती, त्यामुळे रांग मोठी होती. त्या रांगेत पन्नाशीचे एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले. आईचे वय शहात्तर. त्यांनी बाही वर करायच्या आधीच मोबाईल पुढे केला. त्यावर जाहिरात होती: रक्ताच्या एका तपासणीतून अल्झायमरचा धोका ओळखा.

“डॉक्टर, आई दिवसातनं तीन-तीनदा तेच विचारते. तिचं रक्त मुंबईला घेऊन जाऊ का? आणि तिला निघालं तर मलाही होणार ना? मग माझंही करून टाकतो.”

आजी चटईवर बसून ऐकत होत्या. आम्ही काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “पोरांनू, माज्या रगतात काय लिवलला आसा, ता आधी माका सांगा. झिलाक मगे.”

सगळे हसले. पण आजींचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. रक्तात खरेच काही लिहिलेले असते का, ते किती खरे मानायचे आणि ते आधी कोणाला सांगायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या दिवशी विहारात आम्हाला नीट देता आली नाहीत. वाचकहो, ती या वेळच्या आरोग्य पानावर देतो आहोत.

विसरणे आणि स्मृतिभ्रंश

आधी एक गैरसमज दूर करू. वय वाढले की नाव चटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते शोधावे लागते. थोड्या वेळाने आठवते. हे विसरणे वयाचे आहे. पण आयुष्यभर घावणे घालणाऱ्या बाईला पीठ कसे भिजवायचे तेच सुचेनासे झाले, बाजारातून वाडीकडे येणारी पायाखालची वाट चुकली, दुकानात सुटे पैसे मोजता येईनासे झाले, बोलता बोलता साधे शब्द सापडेनासे झाले, मिळूनमिसळून वागणारे माणूस कोपऱ्यात बसू लागले, तर ते वयाचे विसरणे नाही. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात आणि तो आजार आहे.

आपल्याकडे याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात, नाहीतर ‘बाहेरचं काहीतरी झालंय’ म्हणतात. आपल्या वाड्यांनी देवस्की सोडून कित्येक वर्षे झाली. तरीही रात्री उठून ‘माझ्या घरी जाते’ म्हणणाऱ्या म्हातारीला पाहून घाबरलेल्या घरात कोणीतरी हळूच गाऱ्हाणे घालायची गोष्ट काढतोच. तो मेंदूचा आजार आहे, एवढे जरी या लेखातून घराघरांत पोहोचले तरी पुष्कळ झाले.

स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक आहेत. त्यांत सर्वांत मोठे कारण अल्झायमर. १९०६ साली जर्मनीत आलॉईस अल्झायमर या डॉक्टरांनी आपल्या एका मृत रुग्णाच्या मेंदूत दोन गोष्टी पाहिल्या. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. पुढे कळले की ते थर ‘बीटा अमायलॉईड’ या प्रथिनाचे असतात आणि तो गुंता ‘टाऊ’ या प्रथिनाचा असतो. कित्येक दशके हे थर नक्की दिसायचे ते मृत्यूनंतर. अलीकडे जिवंतपणी पाहायची सोय झाली, पण त्यासाठी एक तर महागडे पेट स्कॅन करावे लागते, नाहीतर पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढावे लागते. ओरोस, कोल्हापूर, बांबोळी असे करत फिरणाऱ्या आपल्या माणसांना यांतले एकही सहज परवडणारे नाही. म्हणूनच साध्या रक्तावर हे कळू लागले, ही बातमी आपल्याही कामाची आहे.

रक्तात काय दिसते

घाटावर पाऊस झाला की खाली ओढ्याचे पाणी गढूळ होते. डोंगरावर काय घडले ते आपण पाहिलेले नसते, पण पाण्याचा रंग आणि त्यातून वाहून येणारा पाला पाहून अंदाज येतो. मेंदूत काय चालले आहे ते रक्तात असेच, अगदी थोड्या प्रमाणात उतरते. हे प्रमाण एक ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी लहान असते. इतके सूक्ष्म मोजणारी यंत्रे आली, तेव्हाच ही तपासणी शक्य झाली.

मोजायच्या खुणा मुख्यतः चार.

पहिली खूण अमायलॉईडची. त्याचे ४२ आणि ४० क्रमांकाचे दोन प्रकार रक्तात असतात. ४२ क्रमांकाचे अमायलॉईड मेंदूतल्या थरांत अडकून राहू लागले की रक्तातील त्याचे ४० च्या तुलनेतले प्रमाण घटते.

दुसरी आणि सध्या सर्वांत भरवशाची खूण ‘पी-टाऊ २१७’. मेंदूत अमायलॉईड साचू लागले की टाऊ प्रथिनात विशिष्ट ठिकाणी बदल होतो आणि ते रक्तात वाढते. ‘पी-टाऊ १८१’ ही त्याचीच बहीण, पण थोडी कमी नेमकी.

तिसरी खूण ‘जीएफएपी’. मेंदूतील आधार देणाऱ्या पेशी चिडल्या, सुजल्या की हे प्रथिन वाढते.

चौथी खूण ‘एनएफएल’. मज्जातंतूंचे धागे तुटले की ते रक्तात येते. पण धागे अल्झायमरमुळे तुटले की पक्षाघातामुळे, की आणखी कशामुळे, हे ही खूण सांगत नाही. ओढ्यातून कौले वाहत आली तर वर कोणाचे तरी घर पडले एवढे कळते. कोणाचे पडले ते कळत नाही.

आता ‘धोका आधी ओळखणे’ म्हणजे किती आधी? चीनमध्ये लोकांचा वीस वर्षे पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात कण्यातील पाणी तपासले होते. पुढे ज्यांना अल्झायमर झाला, त्यांच्या पाण्यात अमायलॉईडचा बदल निदानाच्या सुमारे १८ वर्षे आधी, टाऊचा सुमारे ११ वर्षे आधी सुरू झाला होता. प्रत्यक्ष विसरणे मात्र सुमारे ६ वर्षे आधी वेगळे दिसू लागले. म्हणजे माणूस शेतात राबत असतो, नातवंडे खेळवत असतो, तेव्हाच आत बदल सुरू झालेला असतो. त्याच वर्षी ब्रिटनमधील ५२,६४५ जणांच्या साठवलेल्या रक्ताचा अभ्यास आला. जीएफएपी, एनएफएल आणि आणखी दोन प्रथिने ज्यांच्या रक्तात वाढलेली होती, त्यांच्यात पुढील दहा आणि अधिक वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळले.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानासाठी मदत करणाऱ्या पहिल्या रक्त तपासणीला मान्यता दिली. ती पी-टाऊ २१७ आणि अमायलॉईड ४२ यांचे गुणोत्तर मोजते. ४९९ जणांच्या नमुन्यांवर ती पडताळली होती. ज्यांचा रिपोर्ट ‘आहे’ आला, त्यांपैकी ९१.७ टक्के जणांच्या मेंदूत अमायलॉईड खरेच होते. ज्यांचा ‘नाही’ आला, त्यांपैकी ९७.३ टक्के जणांत खरेच नव्हते. काही जणांचा रिपोर्ट अधांतरी राहिला, पण ते शंभरात वीसपेक्षा कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये पी-टाऊ १८१ ची दुसरी तपासणी मान्य झाली. प्राथमिक स्तरावरील डॉक्टरांना ‘हा अल्झायमर नसावा’ एवढे ठरवायला ती उपयोगी पडते.

स्वीडनमधील १,२१३ रुग्णांच्या अभ्यासात एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी दिसली. रक्त न पाहता गावपातळीवरील डॉक्टरांचे निदान ६१ टक्के वेळा बरोबर आले, तज्ज्ञांचे ७३ टक्के वेळा, तर रक्त तपासणीचे सुमारे ९१ टक्के वेळा. डॉक्टरांना कमी लेखण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. हा आजार नुसत्या बोलण्या-तपासण्यातून ओळखणे किती कठीण आहे, हे त्यातून कळते.

मग सगळ्यांनी करून घ्यावी का?

नाही. वर सांगितलेल्या दोन्ही मान्यता नीट वाचल्या तर त्या *आधीच लक्षणे असलेल्या* लोकांसाठी आहेत. धडधाकट माणसाने ‘माझे पुढे काय होणार’ म्हणून करायची ही तपासणी नाही. त्यामागचे गणित सोपे आहे.

समजा, एक तपासणी शंभरात नव्वद वेळा बरोबर येते. साठीच्या आसपासचे शंभर धडधाकट लोक घेतले आणि त्यांपैकी दहा जणांच्या मेंदूत अमायलॉईड आहे असे धरले. तपासणी त्या दहांपैकी नऊ जणांना पकडेल. उरलेल्या नव्वदांपैकी दहा टक्के, म्हणजे नऊ जणांना मात्र ती उगाचच ‘आहे’ म्हणेल. अठरा जणांच्या हातात वाईट रिपोर्ट आणि त्यांतले निम्मे चुकीचे!

आता स्मृतीची तक्रार घेऊन दवाखान्यात आलेले शंभर वृद्ध घ्या. समजा त्यांपैकी साठ जणांत अमायलॉईड आहे. तीच तपासणी ५४ जणांना बरोबर पकडेल आणि चुकीचे ‘आहे’ फक्त चौघांना म्हणेल. तपासणी तीच, पण कोणाची केली यावर तिचा भरवसा बदलला.

यापुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. ज्यांच्या मेंदूत अमायलॉईड खरेच आहे, त्या सगळ्यांना स्मृतिभ्रंश होतोच असे नाही. कित्येक म्हातारी माणसे अमायलॉईड घेऊनच शेवटपर्यंत शहाणीसुरती जगतात. शिवाय मूत्रपिंड कमजोर असेल तर पी-टाऊ २१७ वाढलेले दिसू शकते. शरीर फार स्थूल असेल तर ते कमी दिसू शकते. आणि ‘इतक्याच्या वर म्हणजे धोका’ ही रेघ ज्यांच्या रक्तावरून आखली गेली, ते बहुतांशी युरोप-अमेरिकेतील गोरे लोक आहेत. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाबाने मूत्रपिंडे थकलेली माणसे वाडीवाडीत आहेत. तीच रेघ त्यांना जशीच्या तशी लावणे धोक्याचे.

आपण पत्रिका मानत नाही. जन्माच्या वेळेवरून कोणी भविष्य सांगू लागला तर त्याला आपण हसतो. मग पांढऱ्या कोटातल्या माणसाने छापून दिली म्हणून रक्ताच्या आकड्याची पत्रिका करून घेऊ नये. ही खूण उपयोगाची आहे, पण ती शक्यता सांगते.

शाळा नाकारलेला मेंदू

आता असा एक मुद्दा, जो आपल्या पानावर मांडलाच पाहिजे.

स्मृतीची चाचणी म्हणून जगभर जी तीस गुणांची प्रश्नावली वापरतात, ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. त्यात आजची तारीख सांगायची असते, शंभरातून सात-सात वजा करत जायचे असते, एक वाक्य लिहायचे असते, दोन पंचकोन पाहून काढायचे असतात. आता आमच्या त्या आजींना आठवा. दुसरीत असताना लावणीच्या दिवसांत त्यांचे नाव पटावरून गेले ते गेलेच. आयुष्यभर पेन्सिल हातात न धरलेल्या बाईला पंचकोन काढता आला नाही, तर मेंदू बिघडला असे म्हणायचे का? हरियाणातील बल्लभगड परिसरात काम करणाऱ्या संशोधकांना हाच प्रश्न पडला. त्यांनी निरक्षरांसाठी हिंदीतून ही चाचणी नव्याने बांधली आणि १९९५ साली प्रसिद्ध केली. वाचण्या-लिहिण्याच्या जागी ‘मी करतो तसे करा’, ‘आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा’ असे प्रश्न आले.

या दृष्टीने पाहिले तर रक्ताची खूण न्याय्य आहे. रक्त शाळेचा दाखला मागत नाही. आजी सही करतात की अंगठा उठवतात, याच्याशी पी-टाऊचे देणेघेणे नाही.

पण या नाण्याला दुसरी बाजू आहे. शिक्षण मेंदूला शिल्लक देते. वाचणे, लिहिणे, हिशेब, वाद घालणे, नवे काही शिकणे यांतून मेंदूत जोडण्या वाढतात. दोन माणसांच्या मेंदूत सारखेच थर साचले, तरी जास्त शिल्लक असलेला जास्त काळ तग धरतो आणि कमी शिल्लक असलेल्याला लक्षणे लवकर येतात. रक्ताचा आकडा सारखाच असतो, पण आयुष्य सारखे जात नाही.

हे नुसते आमचे म्हणणे नाही. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभर केलेल्या वृद्धत्वाच्या मोठ्या पाहणीला जोडून, दिल्लीची एम्स आणि अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी स्मृतिभ्रंशाचा वेगळा अभ्यास केला. साठीपुढच्या चार हजारांहून अधिक भारतीयांना तपासले. २०२३ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. ते प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत जास्त. याच अभ्यासात रक्ताचे नमुने घेऊन अमायलॉईड, टाऊ, जीएफएपी, एनएफएल मोजण्याचे कामही झाले. भारतीय रक्तासाठी भारतीय रेघ आखायची तर हे काम लागणारच.

खेड्यातली, न शिकलेली, बाई. तिन्ही गोष्टी आमच्या आजींना लागू. ज्यांच्या पिढ्यांना पाटी नाकारली गेली, त्यांच्या म्हातारपणातही त्या नकाराची किंमत वसूल होते आहे. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हणून सांगितले, त्यात मेंदूच्या आरोग्याचीही बेगमी होती असे आज विज्ञान दाखवते आहे.

आधी साधे रक्त

आजींच्या मुलाला आम्ही विचारले, “आईचं बी-१२ कधी तपासलंय? थायरॉईड?” दोन्ही कधीच नाही.

विसरण्याची सगळीच कारणे अल्झायमरची नसतात आणि काही कारणे बरी होतात. जीवनसत्त्व बी-१२ कमी असणे, थायरॉईड मंदावणे, रक्तातील मीठ घटणे, साखर फार वर-खाली होणे, झोपेच्या किंवा इतर काही औषधांचा परिणाम, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, मनाची उदासी. घरधनी गेल्यानंतर वर्षभर गप्प बसलेल्या म्हातारीला सगळे ‘विसरायला लागली’ म्हणतात. प्रत्यक्षात ती दुःखात असते. कान गेलेला असतो, म्हणून उत्तर चुकते आणि घरचे समजतात की डोके गेले.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब, साखर. मग हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड, मूत्रपिंड, सोडियम. सोबत कान आणि डोळे. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. एवढे होऊनही शंका राहिली तर कणकवली, ओरोस किंवा बांबोळी येथे मेंदूविकार वा मनोविकार तज्ज्ञांकडे. अल्झायमरची रक्त तपासणी त्यांनी सांगितली तरच आणि रिपोर्ट त्यांनाच दाखवायचा. अमेरिकेतील अल्झायमर असोसिएशनने २०२५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: ही तपासणी तज्ज्ञांच्या हातात असावी आणि पूर्ण तपासणीच्या जागी ती वापरू नये.

रिपोर्ट वाईट आला तर औषध आहे का? अमायलॉईड काढून टाकणारी लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ मध्ये मान्य झाली. ती आजार बरा करत नाहीत. सुरुवातीच्या टप्प्यात वेग कमी करतात. लेकानेमॅबच्या चाचणीत दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावे लागते. लक्षणे नसलेल्या पण रक्तात खूण असलेल्या लोकांवर या औषधांचे प्रयोग सुरू आहेत. बोटाच्या टोकाचा थेंब कागदावर वाळवून पोस्टाने पाठवायच्या तपासणीवरही युरोपात काम चालू आहे. ती जमली तर फोंड्यासारख्या गावाला मुंबई गाठावी लागणार नाही. तोवर जे हातात आहे ते करू.

हातात काय आहे

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली चौदा कारणे मांडली. ही सगळी सांभाळली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असे त्यांचे म्हणणे. हा आकडा साऱ्या समाजाचा आहे, एकेकट्या माणसाला दिलेली हमी नाही. तरी त्यांतली बरीच कारणे वाडीत बसून हाताळता येतात.

कमी ऐकू येणे आणि मध्यम वयात वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल यांचा वाटा सर्वांत मोठा, प्रत्येकी ७ टक्के. बालपणी कमी शिक्षण आणि म्हातारपणी एकटेपणा, प्रत्येकी ५ टक्के. शिवाय उदासी, डोक्याचा मार, हवेचे प्रदूषण, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, व्यायामाचा अभाव, उपचार न केलेली अधू नजर, लठ्ठपणा आणि अति दारू.

आपल्या भाषेत याचा अर्थ असा. रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडू नका. मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका. कानाचे यंत्र घेण्यात लाज नाही. ६५ वर्षांवरील कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकरकमी ३,००० रुपये मिळतात. त्याची चौकशी करा. दुचाकीवर हेल्मेट घाला. चुलीचा धूर घरात कोंडू देऊ नका. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या.

एकटेपणाकडे मात्र वेगळे पाहायला हवे. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली, म्हणजे घटली. तरणी माणसे मुंबई-पुणे-गोव्याला आणि घरात म्हातारी माणसे, हे चित्र आपल्याला नवे नाही. चाकरमानी गणपतीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात येतात. उरलेले दहा महिने म्हातारीशी बोलायला कोण? आमची सूचना अशी: विहारात आठवड्यातून एक दुपार ज्येष्ठांसाठी ठेवा. वंदना घ्या, मग एकाने मोठ्याने वर्तमानपत्र वाचावे, जुन्या आठवणी सांगाव्यात, ज्यांना अक्षर येत नाही त्यांना नातवंडांनी स्वतःचे नाव लिहायला शिकवावे. शिल्लक भरायला उशीर कधीच होत नाही. मुंबई मंडळाने कमानीसाठी वर्गणी काढली तशीच श्रवणयंत्रांसाठीही काढावी. घरात रुग्ण असेल आणि सांभाळणाऱ्याचे मन थकले असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. ज्येष्ठांसाठी मदतवाहिनी १४५६७.

रिपोर्ट कोणाचा?

शेवटी आजींच्या त्या वाक्याकडे येऊ. आधी मला सांगा, मुलाला नंतर.

रक्त ज्याचे, रिपोर्ट त्याचा. म्हाताऱ्या माणसाला न सांगता ‘साखर बघायचीय’ म्हणून रक्त काढून अल्झायमरची तपासणी करणे चूक आहे. वाईट रिपोर्ट हातात आला की घरातले वागणे बदलते. तिला विचारेनासे होतात, तिच्या हातातले पैसे काढून घेतात, तिच्या नावच्या जमिनीची कागदपत्रे बाहेर येतात. ‘हिला काय समजतंय’ म्हणायला कागदाचा आधार मिळतो. रक्तात खूण असणे आणि निर्णय घेता न येणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षांनी कदाचित होणाऱ्या आजाराच्या नावाने आजचा अंगठा खोटा ठरत नाही.

आणि मुलाचे काय? त्याला लक्षणे नाहीत. आईला अल्झायमर असला तरी मुलाला होतोच असे नाही. ठरलेल्या वारशाने येणारा अल्झायमर फार थोड्या घराण्यांत असतो आणि तो बहुधा साठीच्या आत सुरू होतो. बाकीच्यांत धोका थोडा वाढतो, इतकेच. त्याचा रक्तदाब मात्र त्या दिवशी १५८ वर ९६ होता. त्याने तो कधी मोजलाच नव्हता. धोक्याची त्याची खूण तिथेच, आमच्या समोरच्या पट्ट्यात होती, आणि ती फुकट सापडली.

आजींचे रक्त पुढच्या आठवड्यात कणकवलीत तपासले. बी-१२ बरेच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली. डाव्या कानात मळ घट्ट झाला होता, तोही काढला. महिना-दीड महिन्याने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्या पूर्वीपेक्षा मोकळ्या बोलत होत्या. तोच प्रश्न पुन्हा विचारणे कमी झाले होते, थांबले नव्हते. त्यामुळे तज्ज्ञांना दाखवायचे ठरलेच आहे आणि त्यांनी सांगितले तर पी-टाऊची तपासणीही होईल. आजींनी होकार दिला आहे. रिपोर्ट आधी त्यांना वाचून दाखवायचा, असे मुलाने सगळ्यांसमोर कबूल केले आहे.

निघताना आजींनी विचारले, “रगतात काय गावला?” आम्ही म्हटले, “बी-१२ कमी होतं, आजी. ते भरून निघेल. बाकीचं तज्ज्ञ बघतील आणि आधी तुम्हालाच सांगतील.” त्यांनी मान डोलावली आणि नातीला हाक मारली. पाटीवर त्यांचे नाव अर्धे लिहून झाले होते.